कोरड्या माणसाची तक्रार

केतकी मयेकरला त्या दुपारी भीती वाटली, तेव्हा तिने त्या काळच्या सगळ्या माणसांसारखं आधी मनगटाकडे पाहिलं. पट्टी पिवळी होती. आकडा अडतीस. म्हणजे भीती खरी नव्हती. निदान नियमाप्रमाणे तरी नव्हती.

ती आंबोळे बंदरातल्या चार नंबरच्या क्रेनच्या केबिनमध्ये बसली होती, बारा-तेरा मजल्यांच्या उंचीवर. पायाखाली जाड काच, काचेखाली धक्का आणि धक्क्यावर एवढीएवढीशी माणसं. जहाजातून उचललेला कंटेनर तिने ट्रेलरच्या वर आणून थांबवला होता. बंदरावर त्याला कोणी कंटेनर म्हणत नाही, सगळे डबाच म्हणतात. लिव्हर मधोमध आणला की डबा जिथल्या तिथे उभा राहायला हवा. तो राहिला. आणि राहिल्यावर अगदी सावकाश वीतभर खाली आला, बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या माणसाची मान येते तसा.

समोरच्या पडद्यावर सगळं आलबेल होतं. मोटर थांबलेली, ब्रेक लागलेला, भार सव्वीस टन. खाली डब्याशी चार हेल्मेटं आली. त्यांतलं एक तिच्या नवऱ्याचं, सर्वेशचं. डब्याच्या चार कोपऱ्यांना लोखंडी खिट्ट्या असतात. त्या काढल्याशिवाय डबा ट्रेलरवर बसत नाही, आणि डबा माणसाच्या डोक्याशी लोंबकळत असतानाच त्या काढाव्या लागतात. सर्वेश गेली नऊ वर्षं हेच काम करत होता.

केतकीच्या तोंडचं पाणी पळालं. तसं ते आधीही फारसं नव्हतंच.

तिने रेडिओवरून धक्क्यावरच्या सुपरवायझरांना गाठलं. "वाडेकर साहेब, चार नंबर. थांबवलेला डबा सरकतोय. ब्रेक बघायला हवा."

"पडदा काय म्हणतो, मॅडम?"

"पडदा ठीक म्हणतो. पण डबा सरकला. मला सीटमध्ये कळलं."

मग वाडेकरांनी तोच प्रश्न विचारला, जो त्या दिवसांत नवरा बायकोला, शिक्षक मुलाला आणि पोलीस फिर्यादीला विचारत असे. "कितीवर आहात?"

"अडतीस."

"मग ही कोरडी तक्रार झाली. पाणी घ्या. तासाभरात परत सांगा, लगेच नोंदवतो."

वाडेकर काही दुष्ट माणूस नव्हते. केतकीने बाटली उघडली आणि चार घोट घेतले. मनगटाला पट्टीची हलकी थरथर जाणवली. मिनिटभरात छातीवरचा दगड उतरला. खाली सर्वेशने खिट्ट्या काढून हात वर केला, डबा ट्रेलरवर बसला, ट्रेलर निघून गेला. वीतभर म्हणजे किती, तिने स्वतःला विचारलं. एवढ्या लांब तारा, उन्हाने ताणल्या असतील. तासाभराने वाडेकरांनी विचारलं तेव्हा पट्टी हिरवी होती आणि तिला सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

हे सगळं सुरू कसं झालं, ते सांगायला हवं. अंगातलं पाणी थोडं घटलं, म्हणजे शंभर किलोच्या माणसाचं दोन किलो, की लक्ष उडतं, डोकं जड होतं, माणूस विनाकारण चिडतो आणि मन नसत्या शंका काढायला लागतं. डॉक्टरांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. आपल्या आयांना तर त्याहूनही आधीपासून. कोणी रडत आलं, भांडून आलं, वाईट बातमी घेऊन धापा टाकत आलं, की आधी तांब्याभांडं पुढे होतं. "आधी पाणी पी, मग बोल." नवीन होती ती पट्टी. तिचं नाव जलमान. मनगटातून प्रकाशाचा बारीक किरण पाठवून ती रक्त किती खारट झालंय ते ओळखायची आणि शंभरात आकडा सांगायची. साठाच्या वर हिरवी, खाली पिवळी.

मग कोणीतरी हिशेब मांडला. कारखान्यांतल्या, कचेऱ्यांतल्या भांडणांचे आणि तक्रारींचे आकडे पट्टीच्या आकड्यांशेजारी ठेवले. तेव्हा असं दिसलं की पिवळ्या पट्टीच्या माणसाने केलेली जवळजवळ प्रत्येक तक्रार तो पाणी प्यायल्यावर आपणहून मागे घेतो. एवढं कळल्यावर कोण गप्प बसतो? कोरड्या माणसाचा राजीनामा घ्यायचा नाही, कोरड्या माणसाचं भांडण ऐकायचं नाही, कोरडी तक्रार हिरव्या पट्टीने पुन्हा केल्याशिवाय नोंदवायची नाही, असे नियम झाले. आणि ते नियम चांगले होते, हेच तर अवघड आहे. घराघरांतली आदळआपट कमी झाली. मुलांचे मार कमी झाले. रस्त्यावर शिव्या ऐकू येईनाशा झाल्या.

केतकीचा तर संसारच पट्टीने वाचवला होता. तीन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यात भरलं होतं की सर्वेशचं बाहेर कुठेतरी आहे. रोज संध्याकाळी डोकं ठणकत घरी यायची आणि त्याचा फोन तपासायची. एकदा मुलीला, मिहिकाला, घेऊन ती माहेरी निघालीसुद्धा होती. तेव्हा बंदराने पट्ट्या वाटल्या आणि तिची निघाली चोवीस. सर्वेशने दारातच तिला पाण्याचा तांब्या दिला. ती प्यायली, उंबऱ्यावर बसली, आणि अर्ध्या तासाने तिला स्वतःचंच हसू आलं. तेव्हापासून घरात तिचा आवाज चढला की सर्वेश तोंडाकडे न बघता मनगटाकडे बघायचा. सासू म्हणायची, "माका पट्टी नको बाय. माणूस धापा टाकीत इलो तर आधी पाणी, मगे बातमी. ह्या काय शिकूचा लागता?"

पण तिची पट्टी चोवीस का निघाली, हे कोणी विचारलं नव्हतं. क्रेनच्या केबिनला संडास नसतो. पुरुष ऑपरेटर एक रिकामी बाटली वर नेतात आणि वेळ भागवतात. त्याविषयी कोणी बोलत नाही, ठाऊक सगळ्यांना असतं. बाईने काय करायचं? खाली उतरायचं, धक्का पार करायचा आणि परत वर यायचं म्हणजे अर्धा तास. तेवढा वेळ जहाज खोळंबतं आणि जहाज खोळंबलं की वरपर्यंत बोंब होते. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. सकाळी चहाचा एक कप, वर घसा ओला करण्यापुरते घोट. केतकीला दोनदा मूतखडे होऊन गेले होते. केबिनशेजारी संडास बांधायची गोष्ट एकदा निघाली होती, पण तेवढ्यात पट्ट्या आल्या आणि त्या स्वस्त पडल्या. परिणाम एवढाच झाला की दुपारी आंबोळे बंदरातले पुरुष हिरवे असत आणि बाया पिवळ्या.

दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा सरकला. तिसऱ्या दिवशीही. सकाळी कधीच नाही, दुपारी, ऊन डोक्यावर आल्यावर, आणि डबा जड असला तरच. दर वेळी तिला प्रचंड भीती वाटली, दर वेळी पट्टी पिवळी होती, दर वेळी ती प्यायली आणि दर वेळी तिने तक्रार सोडून दिली. एक गोष्ट मात्र तिला खटकायला लागली. पाणी प्यायल्यावरही डबा सरकत होताच. तिला तो सरकताना दिसायचा. फक्त त्याचं काही वाटायचं नाही.

त्या संध्याकाळी ती बंदराच्या दवाखान्यात डॉक्टर फरीदा मुकादम यांच्याकडे गेली. मूतखड्यांच्या वेळेपासून दोघींची ओळख होती.

"डॉक्टर, मला वेड लागतंय की ब्रेक खराब आहे, एवढंच सांगा."

"दोन्ही असू शकतं," मुकादम म्हणाल्या. हसल्या नाहीत. त्यांनी दार लोटून घेतलं. "ऐक. आपल्या मेंदूत मधोमध थोड्या पेशी आहेत. त्यांचं काम रक्ताची चव घेत राहणं. रक्त खारट झालं की त्या आरडाओरडा करतात, ती तहान. आता तू पाणी प्यालीस तर ते रक्तात पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पण त्या पेशी एवढं थांबत नाहीत. घोट घशाखाली उतरला की मिनिटभरात गप्प होतात. पाणी मिळायच्या आधीच, नुसत्या भरवशावर."

"मला पण मिनिटभरच लागतं."

"तेच सांगते. तीन वर्षं तू रोज काय करतेस? भीती वाटली की घोट. घोट घेतला की पट्टी हाताच्या हालचालीवरून ते ओळखते आणि मनगटाला थरथर देते, शाबासकीसारखी. दिवसातून दहा वेळा. मेंदू शिकतो गं. तुझी तहान आणि तुझी भीती आता एकाच दावणीला बांधल्यात. एकीला सोडलं की दुसरीही सुटते. साप दिसल्याची भीती असो, नाहीतर सापाचा भास झाल्याची. पाण्याला त्यातलं काही कळत नाही."

"म्हणजे मी हिरवी असताना खरीच आग लागली तर?"

मुकादमांनी तिच्या मनगटावरची पट्टी बोटाने फिरवून पाहिली. म्हणाल्या, "तू एकटी नाहीस. माझ्याकडे आणखी तिघी येऊन गेल्या. सगळ्या क्रेनवर काम करणाऱ्या. मी वर कळवलंय. त्यांनी मला विचारलं, आरोग्य सुधारलंय की बिघडलंय? सुधारलंय. काय सांगू?"

"मग मी पाणी न पिता तक्रार धरून ठेवली तर?"

"कोरडी तक्रार नोंदवणार कोण? आणि डॉक्टर म्हणून मी तुला पाणी पिऊ नकोस असं सांगू का? तुझ्या मूत्रपिंडाचे रिपोर्ट मी बघितलेत." त्यांनी केतकीचा हात धरला. "जप स्वतःला. दुसरं काही सुचत नाही मला."

घरी पोचेपर्यंत केतकीने पाण्याच्या थेंबाला शिवायचं नाही असं ठरवलं. भीती सोबत घेऊनच तिला सर्वेशशी बोलायचं होतं. तो पडवीत मिहिकाच्या सायकलची साखळी बसवत होता. हात तेलाने काळे झाले होते.

"उद्यापासून तू चार नंबरखाली उभो रवू नको," ती म्हणाली.

"कित्याक?"

"ब्रेक सुटतलो. आज नाय तर उद्या. जड डबो असलो की सरकता. मी तीन दिस बघतंय."

सर्वेशने मान वर केली, आणि तिला ठाऊक होतं तो कुठे बघणार ते. तिने मनगट पाठीमागे घेतलं. त्याने तरीही हात पुढे केला, रागाने नाही, ताप बघायला करतात तसा.

"एकतीस," तो म्हणाला. "केतकी, आधी पाणी पी."

"पियालंय की माका काय वाटणार नाय. म्हणान तर आता सांगतंय."

"मगे ता खरा कसा? पाणी पियाल्यार जाता ता भय खरा कसा, माका सांग." तो खरंच विचारत होता. "तीन वर्सांमागे असाच म्हणी होतंस. माझा भायर असा म्हणान. तेव्हाय तुका खराच वाटी होता ना?"

तेव्हाही तिला खरंच वाटलं होतं. अगदी असंच, अगदी एवढंच. त्या भीतीला आणि या भीतीला वेगळं करायला तिच्याकडे काही खूण नव्हती, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त घाबरवत होती. तिला रडू आलं. आतून सासूने तांब्या आणून पायरीवर ठेवला आणि परत गेली. केतकी त्या तांब्याकडे बराच वेळ बघत बसली. शेवटी जेवताना घास उतरेना, तेव्हा प्यायली. मग घर पुन्हा छान झालं. मिहिकाने सायकलची घंटी वाजवून दाखवली, सर्वेश हसला, तीही हसली.

सकाळी उठली ती मात्र ठरवून. चहासुद्धा घेतला नाही. बाटली रिकामीच वर नेली. भीती टिकवायची असेल तर कोरडंच राहायला हवं, हे तिला आता कळलं होतं.

दहाच्या सुमाराला केबिनची काच तापली. जीभ टाळूला चिकटायला लागली. मग भीती आली आणि तिला हायसं वाटलं. आली बाई, असं ती मोठ्याने म्हणाली. नंतर मात्र ती तिला आवरेना. तारांचा आवाज भीतीदायक वाटायला लागला, समुद्र वाटायला लागला, स्वतःचे हातही. खरी कोणती आणि खोटी कोणती हे निवडत बसायला तिला वेळ नव्हता. दुपारी एक जड डबा आला, तीस टनांच्या वरचा. तिने तो धक्क्यावर आणला, माणसं पुढे सरकायच्या आत हवेत उंच थांबवला आणि बघत राहिली. डबा थांबला. मग हातभर खाली आला. वीतभर नाही, हातभर.

तिने डबा परत जहाजावर नेऊन ठेवला, क्रेन बंद केली आणि रेडिओवर सांगितलं, "चार नंबर बंद. मी चालवणार नाही."

"कितीवर आहात, मॅडम?"

"सव्वीस. आणि मी पाणी पिणार नाही."

असं उत्तर वाडेकरांना कोणी दिलं नव्हतं. "मग खाली या," ते म्हणाले. "थळे वर जातील. तुम्ही आराम करा. तुमच्यावर अविश्वास नाही हो, पण नियम आहे."

थळे म्हणजे दुसरे ऑपरेटर, जुने, शांत, नेहमी हिरवे. केतकी खाली आली तेव्हा ते लिफ्टमध्ये चढत होते. तिने त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मी संभाळून घेतो. तू पाणी पी."

तेव्हा तिला दुसरं काही सुचलं नाही. ती चालत गेली आणि चार नंबरच्या खाली, जिथे सर्वेश उभा राहायचा त्याच पट्ट्यात, तापलेल्या सिमेंटवर मांडी घालून बसली. डब्याच्या वाटेत माणूस असेल तर क्रेन हलवता येत नाही, एवढा एक नियम तिच्या बाजूचा होता.

पाच मिनिटांत घोळका जमला. जहाजावरून खलाशी वाकून बघायला लागले. कोणीतरी फोनवर चित्र घेत होतं. वाडेकर आले, छत्री धरून उभे राहिले, दोनदा समजावून गेले. भोवतालच्या माणसांत कोणी तिच्यावर चिडलेलं नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तीच कणव होती, तापात बरळणाऱ्या माणसाकडे बघताना असते ती. तिला हात धरून उठवलं असतं तर ती भांडली असती. पण कोणी हात लावला नाही. त्यांनी सर्वेशला पुढे केलं आणि सर्वेशच्या हातात कॅन्टीनचा स्टीलचा पेला होता.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "केतकी, सगळे बघतत. ऊठ."

"तू हय उभो रवतंस. म्हणान मी हय बसलंय."

"पी जरा. ओठ बघ कशे फुटले ते."

"पियालंय तर उठान जायन मी," ती म्हणाली. "तुका कळता काय? मी हसान उठान जायन, आणि तू हय उभो रवशीत. ह्या भय माझ्याकडे रवूक व्हया, सर्वेश."

"भय कोण जपान ठेवता गो?"

तिने त्याचा हात घट्ट धरला. हाडं दुखतील एवढा. "खरा असात तर?" ती म्हणाली. "पाणी पियाल्यार गेला, तरी खरा असात तर?"

सर्वेशने पेला तसाच धरून ठेवला. पेल्याच्या बाहेरून गार थेंब ओघळत होते. त्यातला एक तिच्या मनगटावर पडला. पाण्याचा वास येतो, हे केतकीला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. तिचं सबंध अंग त्या वासाकडे ओढलं गेलं. तिने काही ठरवलं नाही. तिच्या हाताने पेला घेतला आणि तोंडाला लावला, आणि तिने तो शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मग आणखी एक आणला, तोही.

पट्टी थरथरली. आधी खांदे सैल झाले. मग घोळक्यातले चेहरे एकदम ओळखीचे आणि चांगले दिसायला लागले. दुपार लख्ख होती, खाडीवरून वारा येत होता, आणि आपण भर कामाच्या वेळी रस्त्यात बसलो आहोत याची तिला मनापासून लाज वाटली. डबा हातभर सरकला होता हे तिला स्वच्छ आठवत होतं. पण कोणे एके काळी कोणा परक्या गावात पूर आला होता, तसं.

पेला तिथेच ठेवून ती उठली. जहाज साडेचारला सुटायचं होतं, सगळ्यांचा खोळंबा झाला होता. तिने पँटवरची धूळ झटकली. "चल," ती सर्वेशला हसून म्हणाली. "उशीर झालो. तू आपल्या जाग्यार जा. थळेकाका आता डबो उचलतले."

सर्वेश उठला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. मनगटाकडे नाही, तोंडाकडे. त्याचा रंग उतरला होता.

"मगाशी काय सांगी होतंस तू माका?" त्याने विचारलं.

"ता सोड. कोरडी होतंय मी."

"हात धरान सांगी होतंस. हसान उठान जायन म्हणालंस." तो उभा राहिला आणि दोन पावलं मागे, क्रेनखालच्या पट्ट्याच्या बाहेर गेला. त्याने स्वतःचं मनगट वर करून पाहिलं. "वाडेकर साहेब, मला भीती वाटतेय."

"तुम्हाला कशाची?"

"चार नंबरच्या ब्रेकची. डबा सरकतो."

"तुम्ही पाहिलात?"

"नाही. हिने पाहिला."

"अहो, त्या कोरड्या होत्या."

"मी नाही." सर्वेशने मनगट त्यांच्यापुढे धरलं. पट्टी हिरवीगार होती, चौऱ्याहत्तर. "मी हिरवा आहे आणि मला भीती वाटतेय. लिहून घ्या."

हिरव्या माणसाची तक्रार नाकारता येत नाही. वाडेकरांनी ती लिहून घेतली, थळेंना खाली बोलावलं, धक्का मोकळा केला, आणि तीस टनांचा तोच डबा चाचणीपुरत्या दुरून चालवायच्या यंत्राने उचलून त्या पट्ट्यावर थांबवला. सगळे दोरीमागे उभे राहून बघत राहिले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. डबा जागचा हलला नाही. कोणीतरी म्हणालं, साप म्हणून भुई धोपटायची हौस, दुसरं काय. घोळका हसला. केतकीही हसली, कारण बोलणं गमतीचं होतं. हसला नाही तो एकटा सर्वेश.

मग डबा वीतभर खाली आला. मग हातभर. मग सगळाच.

धक्का हादरला. धूळ क्रेनच्या पायांपर्यंत चढली. जहाजावर कोणीतरी किंचाळलं, घोळका फुटून चहूकडे पळाला, वाडेकरांची छत्री उडून पाण्यात गेली. सर्वेश खाली बसला आणि त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. केतकी होती तिथेच उभी होती. डब्याची एक कड सिमेंटमध्ये रुतली होती, नेमकी ती बसली होती तिथे. कडेखालून चपट्या झालेल्या पेल्याचा काठ दिसत होता. पेला कॅन्टीनचा होता, तिच्या मनात आलं, परत करायला हवा होता.

संध्याकाळी चौकशीला अधिकारी आले. मोटर थांबली की पडदा ब्रेक ठीक समजतो, आणि झिजलेला ब्रेक तापल्यावर तारांच्या रिळावरची पकड सोडतो, ते पडद्याला दिसत नाही, असं निघालं. हा दोष शोधून काढल्याबद्दल सर्वेशचं नाव वर जाणार होतं. केतकीच्या तक्रारी कागदावर नव्हत्याच. सगळ्या तिने स्वतःच मागे घेतल्या होत्या.

अधिकारी बाई नेमस्त होत्या. त्यांनी केतकीसमोर पाण्याचा ग्लास ठेवला. ती प्यायली. दाराबाहेर बाकावर सर्वेश बसला होता. त्यालाही कोणीतरी पाणी दिलं होतं. तो ग्लास त्याने जमिनीवर ठेवून दिला होता, आणि ओठ घट्ट मिटून तो काचेतून तिच्याकडे टक लावून बघत होता.

"डबा पडला तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" बाईंनी विचारलं.

केतकीने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. धूळ आठवली, पेला आठवला, वारा आठवला. ती जागा सर्वेशची होती, हेही आठवलं.

"काही नाही," ती म्हणाली.

बाईंनी तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. "एक्याऐंशी. छान. असा प्रसंग घडूनही तुमची मनःस्थिती उत्तम आहे, असं लिहिते. उद्यापासून सहा नंबरची क्रेन घ्या. खाली तुमच्या मिस्टरांचीच टीम दिलीय, तुम्हाला सोयीचं पडेल."

"बरं," केतकी म्हणाली. या बोलण्यात घाबरण्यासारखं काहीतरी आहे, एवढं तिला कळत होतं. दार उघडून बाहेर येईपर्यंत ती ते शोधत राहिली, पण काय ते तिला सापडलं नाही.